नव्या गाडीतून श्रावणातले चार दिवस

मुलगा कामानिमित्त दोन महिने परदेशी गेला, तेव्हा त्याची दहा महिन्यांची नवी गाडी आमच्या गंगापूर रोडच्या घराखाली लावून गेला. "आई, आठवड्यातून एकदा तरी लांब ने, नाहीतर बॅटरी उतरेल," एवढेच त्याने जाताना सांगितले होते. श्रावण लागताच माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे नानांनी, वणीच्या गडावर जायची इच्छा बोलून दाखवली आणि त्यातून चार दिवसांचा बेत ठरला: सप्तशृंगी गड, त्र्यंबकेश्वर, भंडारदरा आणि मग अकोले-सिन्नर मार्गे परत नाशिक. नाना एसटीत बत्तीस वर्षे चालक होते. कळवण आणि जव्हारकडचे घाट त्यांनी पॉवर स्टेअरिंग नसलेल्या गाड्यांतून काढले आहेत. मी स्वतः १९९८ पासून गाडी चालवते आणि गेली चौदा वर्षे एकच छोटी गाडी वापरते. हे आधीच सांगते, कारण पुढे लिहिलेल्या तक्रारी गाडी न येणाऱ्या माणसाच्या नाहीत.

पहिला दिवस : नाशिक ते सप्तशृंगी गड

शनिवारी सकाळी सहाला निघालो. म्हसरूळ मागे पडेपर्यंत गाडी चार वेळा वाजली. पहिल्यांदा नानांच्या पट्ट्यासाठी, दुसऱ्यांदा मागच्या सीटवर ठेवलेल्या ओटीच्या पिशवीसाठी, कारण नारळांच्या वजनामुळे तिथे कोणीतरी माणूस पट्टा न लावता बसला आहे असा गाडीचा समज झाला. तिसरा आवाज काच धुण्याचे पाणी कमी असल्याचा होता आणि चौथा कशाचा होता ते मला आजही कळलेले नाही, कारण पडद्यावरची ओळ वाचेपर्यंत ती निघून गेली होती.

इशारे असू नयेत, असे माझे म्हणणे मुळीच नाही. जुलै २०१९ पासून आपल्याकडे नव्या मोटारींना पट्ट्याची आठवण करून देणारा इशारा आणि ताशी ८० किलोमीटरच्या पुढे अधूनमधून व १२० नंतर सतत वाजणारा वेगाचा इशारा सक्तीचे झाले, त्याचबरोबर मागे घेतानाचे सेन्सरही आले, आणि हे सारे योग्यच झाले. माझा आक्षेप निराळा आहे. जीव वाचवणारा इशारा आणि पाणी भरण्याची आठवण एकाच सुरात आली, की कान दोन्हींकडे दुर्लक्ष करायला शिकतो. नाना म्हणाले, "आमच्याकडे एक घंटी म्हणजे थांबायचं, दोन घंट्या म्हणजे निघायचं. बत्तीस वर्षांत कधी मागे वळून विचारावं लागलं नाही." कंडक्टरच्या त्या दोरीत अर्थ होता, कारण किती टोल्यांचा काय अर्थ हे ठरलेले होते आणि त्या दोन गोष्टींखेरीज ती तिसरे काही बोलत नसे.

नांदुरीहून गडावर जाणारा सुमारे दहा किलोमीटरचा घाट पावसाने ओला होता. एका वळणावर वरून उतरणारी एसटी आणि खालून चढणारा टेम्पो समोरासमोर आल्याने आम्हाला चढावर थांबावे लागले. नानांचा उजवा हात आपोआप दोन सीटच्या मध्ये गेला आणि तिथे हॅन्डब्रेकची दांडी नाही हे लक्षात येताच परत मांडीवर आला. या गाडीत दांडीऐवजी नखाएवढा खटका आहे. तो वर ओढला की मागची चाके जखडतात, खाली दाबला की सुटतात. दांडी एकेक दाता करत किती घट्ट ओढायची आणि क्लच पकडल्याचे अंगाला जाणवताच किती सोडायची, हे घाटातल्या चालकाचे हाताने शिकलेले शास्त्र आहे आणि त्या खटक्यात त्याला जागा नाही. चढावर गाडी मागे सरकू नये म्हणून ती स्वतःच दोन-तीन सेकंद ब्रेक धरून ठेवते, हे खरे, आणि त्याचा मला उपयोगही झाला. पण ती सोय चालू आहे की बंद, हे एका बारीक हिरव्या अक्षरावरून ओळखायचे असते.

"पायाचा ब्रेक गेला तर या खटक्याचं काय करायचं?" नानांनी विचारले. मला उत्तर देता आले नाही. रात्री मुक्कामाच्या खोलीत मी पुस्तिका काढली. गाडीत छापील पुस्तिका नावापुरती असते, संपूर्ण मजकूर मोबाईलवर शोधावा लागतो. त्यात तेहतीस मिनिटांनी मला सापडले, की गाडी चालू असताना तो खटका वर ओढून धरला तर गाडी टप्प्याटप्प्याने थांबते. म्हणजे सोय आहे आणि ती चांगलीही आहे. मात्र दांडी पाहिलेल्या कोणालाही ती कशासाठी आहे हे न सांगता कळत असे, आणि खटक्याचे हे काम गाडी घेतल्यापासून दहा महिन्यांत माझ्या मुलालाही ठाऊक नव्हते. मी त्याला विचारून खात्री करून घेतली.

आणखी एक गोष्ट याच घाटात जाणवली. पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब जुन्या गाडीच्या मानाने बरेच जाड आहेत. गाडी उलटली तर छत टिकावे आणि बाजूची एअरबॅग उघडावी यासाठी ते तसे करावे लागतात, हे मान्य आहे. उजव्या वळणावर मात्र पायी चढणाऱ्या तिघांचे कुटुंब त्या खांबाआड पुरते झाकले गेले. मी सीटवरून पुढे वाकून पाहिले म्हणून ते दिसले. तेव्हापासून प्रत्येक वळणाला मान पुढे काढून पाहायची सवय लावून घेतली.

दुसरा दिवस : गड, नाशिक, त्र्यंबकेश्वर

नानांच्या गुडघ्यांमुळे आम्ही फ्युनिक्युलर ट्रॉलीने वर गेलो. दर्शन निवांत झाले. दुपारी घरी जेवून, कपडे बदलून, चारच्या सुमारास त्र्यंबककडे निघालो. दुसऱ्या दिवशी पहिला श्रावणी सोमवार असल्याने सातपूर सोडल्यापासून रस्त्याच्या डाव्या कडेने पायी निघालेले लोक दिसू लागले. बरेचसे अनवाणी होते, कोणाच्या डोक्यावर प्लास्टिकचे खोळ, कोणाच्या कडेवर मूल. अशा वेळी गाडी उजवीकडे घेऊन चालणाऱ्यांना जागा द्यायची, हे कोणत्याही चालकाला शिकवावे लागत नाही. मीही तेच केले, आणि माझ्या हातातले स्टेअरिंग डावीकडे ओढले गेले.

क्षणभर मला वाटले, टायर बसला. दुसऱ्यांदा तसेच झाले तेव्हा नानांनीच पडद्यावरच्या पिवळ्या रेघेकडे बोट दाखवले. आरशामागे काचेला लावलेला कॅमेरा रस्त्यावरचे पांढरे पट्टे पाहतो आणि इंडिकेटर न देता गाडी पट्टा ओलांडू लागली, की चालकाला डुलकी लागली असे समजून तिला पट्ट्यांच्या आत ओढतो. एक्सप्रेस वेवर रात्री हीच सोय एखाद्याचा प्राण वाचवील. त्र्यंबकच्या रस्त्यावर मात्र डाव्या पट्ट्याच्या आत माणसे होती आणि गाडी मला त्यांच्याकडे नेत होती. ओढ फार मोठी नव्हती, हातांनी सहज रोखता आली. तरीही ज्या दिशेला मी माणसांपासून दूर जात होते, त्याच्या उलट दिशेला यंत्राने जोर लावला, ही गोष्ट अजून माझ्या मनातून गेलेली नाही.

तळेगाव फाट्याच्या अलीकडे एका हॉटेलासमोर गाडी थांबवून ती सोय बंद केली. पडद्यावर आधी गाडीचे चित्र, मग 'चालक साहाय्य', मग 'मार्गिका', मग तीन पर्याय आणि शेवटी "नक्की बंद करायचे का" असा प्रश्न. चहा घेऊन परत आलो, गाडी चालू केली आणि ती सोय पुन्हा आपोआप चालू झालेली होती. शेवटी उपाय मिळाला तो साधा: प्रत्येक वेळी उजवा इंडिकेटर द्यायचा. मागच्या गाड्यांना त्यामुळे मी वळणार असे वाटत होते, पण दुसरा इलाज नव्हता.

अंजनेरीपर्यंत अंधारून आले आणि दिव्यांचा प्रश्न सुरू झाला. समोरून येणाऱ्या उंच गाड्यांचे पांढरेफटक एलईडी दिवे थेट डोळ्यांच्या पातळीवर येतात आणि ओल्या काचेवर प्रत्येक थेंब पेटतो, हा त्रास सगळ्यांनाच ठाऊक आहे. आमच्या गाडीचा दोष त्याहून वेगळा होता. तिचे दिवे अप्पर-डिप्पर आपण होऊन करतात. समोरचे दिवे दिसले की ती डिप्पर करते आणि रस्ता मोकळा दिसला की पुन्हा अप्पर. पायी चालणाऱ्या माणसाच्या हातात दिवा नसतो, त्यामुळे गाडीच्या दृष्टीने रस्ता मोकळाच असतो. दर्शन घेऊन नाशिककडे परतणाऱ्यांचा एक घोळका समोरून आला आणि आमचा पूर्ण झोत त्यांच्या चेहऱ्यावर गेला. पुढच्या बाईंनी पदर डोळ्यांवर धरला. मी लगेच स्टेअरिंगजवळची दांडी ओढून दिवे खाली आणले आणि ती आपोआप चालणारी व्यवस्था बंद करून टाकली. ती दांडीच्या टोकाला फिरवून बंद होते, त्यामुळे नजर न हलवता एका हालचालीत काम झाले. त्या दिवसात गाडीने मला दिलेले सर्वांत मोठे सुख तेवढेच.

तिसरा दिवस : त्र्यंबक ते भंडारदरा

सोमवारी पहाटे बाहेरूनच कळसाला हात जोडले आणि गर्दी वाढण्याआधी पहिनेमार्गे घोटीचा रस्ता धरला. भाताची आवणी संपत आली होती, खाचरांत गुडघाभर पाण्यात बायका वाकलेल्या दिसत होत्या. घोटीला गरम भजी खाल्ली आणि अकराच्या सुमारास बारी गावाकडे वळलो. कळसूबाई पूर्ण ढगात होती.

या दिवशी जे घडले ते जरा सविस्तर लिहिते, कारण हा सगळा लेख मी त्यासाठीच लिहायला घेतला आहे.

घोटीला उतरून परत बसताना आम्ही दोघेही भिजलो होतो. नानांचे घोंगडे, माझी ओली ओढणी, मागच्या सीटवर दोन छत्र्या, सारे काही गाडीत होते. घाट चढू लागलो, बाहेरची हवा गार होत गेली आणि पुढच्या काचेवर खालच्या कोपऱ्यांतून वाफ चढू लागली. नानांनी बोटाने काचेवर आतून रेघ ओढली. रेघ उमटली, म्हणजे वाफ आतली होती. बाहेरची असती तर वायपरने गेली असती. आतल्या वाफेवर उपाय ठरलेला आहे: ब्लोअर काचेवर सोडायचा, एसी चालू ठेवायचा म्हणजे हवा कोरडी होते, तापमान थोडे वाढवायचे आणि गाडीतलीच दमट हवा पुन्हा पुन्हा फिरू नये म्हणून बाहेरची हवा आत घ्यायची. माझ्या जुन्या गाडीत यासाठी तीन गोल खुंट्या आणि एक सरकती पट्टी आहे. माझा डावा हात ते काम रस्त्यावरची नजर न काढता दोन सेकंदांत करतो.

नव्या गाडीत पडद्याखाली काळ्या, गुळगुळीत, चकचकीत काचेची एक पट्टी आहे. तिच्यावर चित्रे आहेत, पण उंचवटा, खाच, कडा असे काही नाही, त्यामुळे बोट कुठे आहे हे बोटाला कळत नाही. काच साफ करण्याच्या चित्रावर मी बोट ठेवले. ओल्या बोटाला पट्टीने दाद दिली नाही. दुसऱ्यांदा दाबल्यावर शेजारचे चित्र लागले आणि सीटमधून गार वारा येऊ लागला. मग मोठ्या पडद्यावर हवेचे पान उघडायला गेले, तेवढ्यात मुलाचा फोन आला आणि संपूर्ण पडदाभर त्याचे नाव आणि छायाचित्र पसरले. फोन बंद केल्याशिवाय मागचे पान दिसेना. एवढ्या वेळात वाफ माझ्या डोळ्यांपर्यंत आली होती आणि समोर फक्त पांढरे होते.

वेग ताशी तीसच्या आत असेल. ताशी साठ किलोमीटरला गाडी सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर जाते, तीसला त्याच्या निम्मे. पडद्याकडे पाहण्यात माझे सहा-सात सेकंद गेले असतील, तर मी न पाहता पन्नासएक मीटर घाट चढले. नाना ओरडले नाहीत. त्यांनी घोंगड्याच्या टोकाने माझ्यासमोरची वीतभर काच पुसली आणि शांतपणे म्हणाले, "सूनबाई, डावीकडे दगड आहेत, तिथंच थांबव." धोक्याच्या दिव्याचे लाल त्रिकोणाचे बटण नशिबाने खरे बटण होते, हाताला लगेच लागले. गाडी कडेला घेतली आणि मग, थांबलेल्या गाडीत, कोरड्या रुमालाने बोट पुसून, मी तिन्ही पाने उघडून वारा काचेवर वळवला. काच मिनिटभरात स्वच्छ झाली. व्यवस्था उत्तम आहे, फक्त ती उभ्या गाडीतल्या माणसासाठी केलेली आहे.

भंडारदऱ्याजवळच्या शेंडी गावी खोलीत बसून पावसाकडे पाहत मी याच गोष्टीचा विचार करत होते. शोरूममध्ये गाडी उभी असते, प्रकाश भरपूर असतो, बोट कोरडे असते आणि घेणाऱ्याची नजर पडद्यावरच असते. तिथे मोठा पडदा चांगलाच दिसतो. शिवाय प्रत्येक बटणाला साचा, तार आणि जोडणी लागते, तर पडद्यावर चित्र वाढवायला काही लागत नाही, त्यामुळे बनवणाऱ्यालाही तो सोयीचा पडतो. स्वीडनमधील वी बिलेगारे या मोटारविषयक नियतकालिकाने २०२२ मध्ये याची मोजणी केली होती. धावपट्टीवर ताशी ११० किलोमीटर वेगाने जाताना चालकांना रेडिओ लावणे, सीट गरम करणे अशी चार साधी कामे करायला सांगितली. २००५ सालच्या बटणांच्या व्होल्वो गाडीत ती दहा सेकंदांत, ३०६ मीटरमध्ये झाली. नव्या अकरा गाड्यांपैकी सर्वांत मागे राहिलेल्या गाडीत त्यासाठी जवळजवळ ४५ सेकंद आणि १,३७२ मीटर लागले. युरोपातील मोटारींच्या सुरक्षिततेची परीक्षा घेणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेने २०२६ पासूनच्या गुणांसाठी इंडिकेटर, धोक्याचे दिवे, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन मदतीची कळ या पाच गोष्टींना हाताला लागणारे बटण किंवा दांडी असण्याला महत्त्व दिले आहे. काचेवरची वाफ घालवण्याचे बटण त्या पाचांत नाही. इगतपुरी-अकोल्याच्या पावसात गाडी चालवणाऱ्याला विचारले, तर ते पहिल्या तिघांत येईल.

चौथा दिवस : भंडारदरा ते नाशिक

विल्सन धरणाच्या भिंतीखालचा परिसर पाहून नऊला निघालो. रंधा, राजूर, अकोले हा रस्ता सुरळीत पार पडला. ठाणगाव सोडल्यावर पाण्याने भरलेल्या एका खड्ड्यात डावे पुढचे चाक आदळले आणि दोन मिनिटांनी पडद्यावर त्या चाकातली हवा उतरत असल्याचा इशारा आला. हा इशारा वेळेवर मिळाला, त्याबद्दल मी गाडीची ऋणी आहे. जुन्या गाडीत हे मला स्टेअरिंग जड झाल्यावरच कळले असते.

डुबेऱ्याच्या अलीकडे थांबून डिकी उघडली. स्टेपनी नव्हती. तिच्या जागी हवेचा छोटा पंप आणि रसायनाची बाटली होती. टायर ट्यूबलेस असेल, चाकातल्या हवेवर लक्ष ठेवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच असेल, तर मोटारीत स्टेपनी नसली तरी चालेल, अशी मुभा २०२० च्या जुलैमधील अधिसूचनेने दिलेली आहे. डिकीत जागा वाढते, वजन घटते, हे त्यामागचे फायदे. पण ते रसायन खिळ्याचे भोक बुजवते. आमच्या टायरची बाजू फाटली होती. मोठ्या रिंगवर बसवलेल्या या टायरची बाजू जेमतेम चार बोटे उंच आहे. खड्ड्याच्या कडेचा मार पचवायला तिथे रबरच पुरेसे नाही.

गावातल्या पंक्चरवाल्या तरुणाने चाक न खोलता, नुसते अंगठ्याने दाबून सांगितले, "काकू, साइड गेली. याला पॅच बसत नाही." अठरा इंची टायर त्याच्याकडे नव्हता. त्याने सिन्नरला तीन ठिकाणी फोन केले, एका दुकानात त्या मापाचा एक टायर निघाला आणि त्याचा भाऊ मोटारसायकलवर तो आणायला गेला. पहिल्या बाजीरावांचा जन्म ज्या गावचा, त्या डुबेऱ्याच्या वेशीवर आम्ही अडीच तास एका टपरीच्या बाकावर बसलो. नानांनी त्या मुलाला जॅक लावायला मदत केली आणि नट समोरासमोरच्या क्रमाने कसे आवळायचे यावर दोघांचे छान जमले. नाना एवढेच म्हणाले, की स्टेपनी न तपासता त्यांनी बत्तीस वर्षांत डेपोतून कधी गाडी बाहेर काढली नव्हती.

सिन्नरपासून पुढे चौपदरी रस्ता लागला आणि साडेचारला घरी पोहोचलो.

पंधरा दिवसांनी मुलगा परत आला. चहा झाल्यावर मी त्याला खाली नेले, त्याच्याच गाडीत चालकाच्या जागी बसवले, डोळ्यांवर पंचा बांधला आणि वारा काचेवर सोडायला सांगितले. दहा महिने ती गाडी रोज चालवणाऱ्या मुलाला ते जमले नाही. मग शेजारी उभ्या असलेल्या जुन्या गाडीत बसवले, जी त्याने गेल्या चार वर्षांत हातात घेतलेली नव्हती. तिथे त्याचा हात थेट खुंटीवर गेला.

जुन्या गाडीच्या नोंदणीला पुढच्या वर्षी पंधरा वर्षे पूर्ण होतात. ती विकायचा विचार होता, तो आता सोडला आहे. पेठ रोडच्या आरटीओत तपासणी करून, पर्यावरण कर भरून, पाच वर्षांचे नूतनीकरण करून घ्यायचे ठरले आहे. त्याआधी वायपरची रबरे, दाराची दोन रबरे आणि क्लच प्लेट बदलायची आहे. मुलाच्या गाडीच्या डिकीत एका जुन्या चाकाला जागा होते का, हे नाना टेप घेऊन मोजत आहेत.